दयेची पानं

शिशुवर्गाच्या भिंतीवर टीचरने तपकिरी कागदाचं एक झाड चिकटवलं होतं. शाळेत दर महिन्याला एक मूल्य ठरलेलं असे, आणि या महिन्याचं मूल्य होतं दया. जे मूल कुणाला मदत करील, त्याच्या नावाचं हिरवं पान झाडाला लागायचं.

पहिला आठवडा झाड बोडकंच राहिलं. मग टीचरने मुलांना येशूने सांगितलेली गोष्ट सांगितली. वाटेवर एक माणूस जखमी होऊन पडला होता. येणारे-जाणारे बघून पुढे गेले, आणि एका परक्याने मात्र त्याला उचलून नेलं. गोष्ट मुलांच्या डोक्यात अशी काही बसली की झाडाला पानं लावायला जागा उरेना. शाळेच्या मुख्याध्यापिका, मोठ्या सिस्टर, येता-जाता दारातून डोकावू लागल्या. शनिवारच्या पालकसभेत त्या हे झाड सगळ्यांना दाखवणार होत्या. टीचरला नोकरीत कायम करायचं की नाही, हेही त्याच सभेनंतर ठरायचं होतं. टीचर मनातून खूश होती.

शुक्रवारी शाळा सुटताना बटणचे वडील थांबले. बटण ही वर्गातली सगळ्यांत लहान, गोल चेहऱ्याची मुलगी. घरचं लाडाचं नाव शाळेतही चिकटलेलं. वडील बस चालवायचे आणि कामावरून तसेच गणवेशात आले होते.

"टीचर, तक्रार नाही हो," ते म्हणाले, "पण ही रोज पडून येते. माझ्या बसमध्ये मी कचकन ब्रेक मारला तरी ही उभीच्या उभी. तुमच्या वर्गात काय जमिनीला तेल लावलंय का?"

टीचरने खाली बसून बटणचे गुडघे पाहिले. जुन्या खपल्यांवर नवं खरचटलं होतं.

"कशी गं पडतेस तू?"

"मी नाही पडत. मला पाडतात, मग उचलतात."

"कोण पाडतं?"

"ज्याला पान पाहिजे तो. पण रांगेत यायचं असतं. ढकलाढकली चालत नाही."

वडिलांना हसू आलं. ते त्यांनी खोकून लपवलं.

"आणि तू पाडून घेतेस?"

"मला छान रडता येतं," बटण अभिमानाने म्हणाली. "दुसऱ्या मुली रडतच नाहीत. मग तुम्हाला कळत नाही, आणि पान वाया जातं."

टीचरने झाडाकडे पाहिलं. सगळ्या वर्गाची नावं होती. बटणचं नव्हतं. पडणाऱ्याला पान द्यायचं टीचरच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सभा उद्यावर आली होती. मुलांना सोमवारी समजावलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. बटणचे वडील काही बोभाटा करणाऱ्यातले नव्हते. पण टीचरने जाऊन मोठ्या सिस्टरचं दार वाजवलं.

सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं.

"पानं काढून टाकते म्हणता. पालकांना काय सांगणार?"

"जे झालं ते."

"या महिन्याला दया आहे," सिस्टर चष्मा पुसत म्हणाल्या. "सत्य पुढच्या महिन्याला घेतलंय आपण."

"तोवर बटणच्या गुडघ्यांचं काही खरं नाही, सिस्टर."

"मग आधी मुलांशी बोला. पानं त्यांची आहेत."

शनिवारी सकाळी पालक यायच्या आधी टीचरने मुलांना झाडाखाली बसवलं. पानांमुळे बटणला रोज लागतंय आणि यात चूक मुलांची नाही, आपली आहे, असं तिने सरळ सांगितलं. सगळ्यांत जास्त पानं होती पैलवानाची. हा पैलवान जेमतेम बाकाएवढा उंच, पण चालायचा छाती काढून. त्याचा चेहरा पडला.

"मग आता कुणाला उचलायचंच नाही?"

"उचलायचं. पान मिळणार नाही."

पैलवानाने बराच विचार केला.

"आणि पाडायचं?"

"तूच सांग, पाडायचं का?"

"छे! पान नाही तर पाडायचं कशाला उगाच?"

मुलांनी आपापली पानं स्वतःच्या हाताने काढली. दोन-तीन जण रडले. बटण मात्र मजेत बघत बसली होती.

सभेत टीचरने काही झाकून ठेवलं नाही. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. पैलवानाची आई तेवढी तोऱ्यात उठली. "आमचा मुलगा असा नाहीये!" बटणचे वडील तिच्याकडे वळून म्हणाले, "असा म्हणजे? रांगेत उभा राहून पाडतो हो, शिस्तीचा आहे!" तिलाही मग हसू आवरेना.

पालक गेले. टीचर खुर्च्या एकात एक रचत रेंगाळली.

"थांबलात का?" मोठ्या सिस्टरनी विचारलं.

"माझा निर्णय व्हायचाय ना?"

"तो काल तुम्ही माझं दार वाजवलंत तेव्हाच झाला. सोमवारी ऑफिसात येऊन सही करा." सिस्टर दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आणि त्या भिंतीवरचा डिंक तेवढा घासून काढा. माश्या बसतील."

टीचरने पदर खोचला आणि ओलं फडकं घेतलं. डिंक चिवट होता. तिला मुळीच घाई नव्हती.