निळ्या फोमच्या भिंती

थळच्या किनाऱ्यावर होडी गळायला लागली की लोक आधी देवाचं नाव घेत आणि मग हिरामणचं. होडीला फायबर चढवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्याला दुसऱ्याने सांगावं लागत नसे. मासळीसाठी बर्फाचे खण बांधण्यात तर हयात गेली. पफच्या, म्हणजे पिवळ्या कडक फोमच्या, फळ्या उभ्या करायच्या, सांध्यात रेझिन ओतायचं, वर काचधाग्याची मॅट, पुन्हा रेझिन. डोळे मिटून करावं असं काम.

त्याचा मुलगा प्रणय होडीकडे कधी फिरकला नाही. त्याने जुना टेम्पो घेतला, मागचा हौदा काढला आणि त्या जागी घर बांधायला निघाला. बायकोला, नेत्राला, घेऊन त्यातच राहायचं, काशीदपासून खाली किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं, पर्यटक दिसतील तिथे चहा-भजी विकायची. हिरामणने भर बंदरावर दहा माणसांत सुनावलं होतं, "बापाचं घर सोडून डब्यात राहनार? बघतो ती गाडी कशी हलते ती!" त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. शिमगा आला नि गेला, तरी दोघांची तोंडं दोन दिशांना. मधल्या मधे आईचं, कमळचं, सँडविच झालं होतं.

पण गाडीच्या भिंती जोडायला प्रणयला माणूस मिळेना. एके सकाळी तो ओटीवर आला आणि चपलांकडे बघत म्हणाला, "बाबा, भिंती तू जोडशील? तुझ्यासारखा हात कुनाचा न्हाय."

हिरामणला इतकं बरं वाटलं की ते दिसू नये म्हणून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "सामान ठेव तिथं. बघतो."

भिंतींसाठी आणलेला फोम निळा होता. प्रणयने सोबत गमाच्या नळ्या आणल्या होत्या. "हा वेगळा फोम हाय, बाबा. दुकानदार बोलला, यानंच चिकटवा," एवढं सांगून तो अलिबागला टायर बघायला गेला. हिरामणने नळ्या बाजूला सारल्या. असल्या गमाने पोरांच्या वह्यांची कव्हरं चिकटवावीत! लेकाने बोलावलं होतं ते या हातासाठी, आणि हा हात रेझिनचा होता.

सांध्यात ओतलेलं रेझिन खाली बसू लागलं. त्याने पुन्हा ओतलं, पुन्हा बसलं. "पितोय बघ कसा," तो कमळला कौतुकाने म्हणाला. "जितका पिल तितका धरंल." कोरडं लाकूड असंच पितं, हे त्याने जन्मभर पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत वर मॅट चढवलेल्या चारी भिंती उभ्या राहिल्या, अशा गुळगुळीत की नेत्राने त्यांना गाल लावून पाहिला. रात्री जेवताना प्रणयने स्वतःच्या हाताने बापाच्या ताटात तळलेला बोंबील वाढला. हिरामणने आणखी एक मागून घेतला.

सकाळी तो एकटाच गाडीपाशी गेला. होडी झाली की ती बोटाने ठोकून बघायची त्याची रीत. त्याने भिंत ठोकली. ढब. हातभर सरकून पुन्हा ठोकली. प्रत्येक सांध्यावर तोच पोकळ आवाज. त्याने दाभण खुपसला, तर तो कशालाही न लागता मुठीपर्यंत आत गेला. पिवळ्या पफला काही न करणाऱ्या रेझिनने हा निळा फोम खाल्ला होता. काल सांधा पितोय असं वाटलं, तेव्हा आतला फोम विरघळत होता. आता वर नुसती टरफलासारखी कातडी उरली होती, आणि नवरा-बायकोचा पलंग याच भिंतीला टांगायचा होता.

हिरामणने दाभण बाहेर काढला. रंग मारला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. कळलं असतं ते रेवदंड्याच्या रस्त्यावर, एखाद्या खड्ड्यात, दोघं आत असताना. आणि सांगावं, तर मानणार कोण? बंदरावर तो काय बोलला होता ते गावाला पाठ होतं. म्हातारा चुकला असं कुणी म्हणणार नव्हतं. म्हाताऱ्याने डाव साधला, असंच म्हणणार. त्याला रडू आलं, ते त्याने येऊ दिलं.

तेवढ्यात प्रणय रंगाचा डबा घेऊन आला, मागे नेत्रा. प्रणयचा चेहरा कधी नव्हे तो फुललेला. "बाबा, पहिला हात तू मार."

हिरामणने ब्रश घेतला नाही. हातोडा उचलला आणि भिंतीत घातला. एका घावात भगदाड पडलं. नेत्रा किंचाळली.

"पोकळ हाय ती," हिरामण म्हणाला. "फोम विरघळला. मना समजलं न्हाय."

"तुला समजलं न्हाय?" प्रणयचा आवाज चिरकला. "साऱ्या बंदराला शिकवतोस, आनि तुला समजलं न्हाय? गाडी हलू द्यायची नव्हती, म्हनून हो बोललास, व्हय?"

सगळं हिरामणच्या ओठांवर आलं होतं. पण लेकाच्या डोळ्यांत बघितल्यावर शपथ घेऊनही उपयोग नाही हे त्याला कळलं.

"तसंच समज," तो म्हणाला. "पन हिच्यात निजू नको."

आणि तो हातोडा घेऊन दुसऱ्या भिंतीकडे वळला.