तांबूस गाळ

तांब्याच्या उत्प्रेरकाने अल्काइन या कार्बनी संयुगाचे रेणू जोडले, की गाळणकागदावर थोडा तांबूस गाळ उरतो. तो ओला असेपर्यंत गरीब गाय; वाळला, की नुसत्या ओरखड्यानेही स्फोट होतो. वहिनीला हे पाठ होतं. पण प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली नव्यानेच लागलेल्या धाकट्या दिराला ते सांगायचं राहिलं होतं. उलट, ओल्या पदार्थाचं वजन केलं म्हणून कालच तिने सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढली होती.

"वहिनी, बघा, तुमचा गाळसुद्धा भट्टीत खडखडीत वाळवून आणलाय," टेबलापलीकडून दीर म्हणाला. एका हातात गाळणकागद होता, दुसऱ्या हातातला स्टीलचा चमचा गाळाला टेकलेला.

वहिनीची नजर चमच्यावर खिळली. ओरडावं, तर हा दचकणार. तिने पाण्याची बाटली उचलली आणि आवाजात होती नव्हती तेवढी साखर घोळली.

"भावजी, छान केलंत हं. आता मी येईपर्यंत अगदी तस्से उभे राहा."

दिराचं हसू मावळलं. लग्न होऊन घरात आल्यापासून वहिनी त्याच्याशी इतकं गोड कधीच बोलली नव्हती.

त्याचा चमच्याचा हात थरथरू लागला.