न बोलणारा फोन

मी रुग्णालयाच्या भांडारात खरेदी बघते. कापसापासून खाटांपर्यंत काहीही घ्यायचं असलं की तीन दुकानांकडून भाव मागवायचे, कागदावर एकाखाली एक मांडायचे आणि सगळ्यात कमी भावाभोवती लाल पेनाने गोल काढायचा, हे मी सव्वीस वर्षं करतेय. सवय इतकी अंगात मुरलीय की घरी केरसुणी घ्यायची तरी तीन ठिकाणी विचारते. नवरा म्हणतो, हिने लग्नाआधीसुद्धा तीन मुलं बघितली असतील. बघितली होती. हा सगळ्यात कमी खर्चाचा निघाला.

पण बाबांसाठी स्मार्टफोन घ्यायचा ठरला तेव्हा लाल पेन हातात धरून मी घाबरले होते, हे आधीच सांगून टाकते.

बाबा घड्याळजी. वय अठ्ठ्याहत्तर. जिन्याखालच्या एका चिंचोळ्या खोलीत त्यांचं टेबल, टेबलावर वाकड्या मानेचा दिवा, आणि चाकं-स्क्रू ठेवायच्या चिमुकल्या डब्यांची उतरंड. तिथे ते पंचावन्न वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून बसले. दीड वर्षापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की, दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसत राहील, पण जिथे रोखून बघाल नेमकं तेच पुसलं जाईल. भिंगाचा आता उपयोग नाही, कारण भिंगातून माणूस रोखूनच बघतो. वस्तू मोठ्या पडद्यावर दाखवणारं यंत्र मिळतं, त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघायची सवय करता येते. त्या यंत्राचा भाव ऐकून मी खुर्चीत सरळ झाले. बाई म्हणाल्या, "चांगल्या कॅमेऱ्याचा फोनसुद्धा चालेल. प्रयत्न करून बघा."

बाबांनी वर्षभर काही प्रयत्न केला नाही. ते हाताने, कानाने आणि आठवणीने काम रेटत राहिले. मग एका निवृत्त सुईणीचं चावीचं घड्याळ दुरुस्तीला आलं. साफ करून दिलं, चार दिवसांत परत आलं. पुन्हा उघडलं, पुन्हा दिलं, पुन्हा परत आलं. घड्याळ सुरू व्हायचं, थोडा वेळ चालायचं आणि मुकाट थांबायचं. पंचावन्न वर्षांत बाबांच्या हातचं काम असं दोनदा परत आलं नव्हतं.

"बाई शनिवारी येणार आहेत," बाबा म्हणाले. "तोवर दोष सापडला नाही तर हे टेबल विकून टाक. लोकांची घड्याळं बिघडवायला मी बसलेलो नाही."

ते शांतपणे बोलले, म्हणून मला ते खरं वाटलं. बाबांना टेबलापासून उठवलं की काय उरेल, हे मला ठाऊक होतं. मला रडू यायला लागलं की मी भाव विचारायला बाहेर पडते. त्याच संध्याकाळी बाहेर पडले आणि एका दुकानाचे भाव लिहून आणले. जाताना त्यांनी अट घातली, टेबल दोन महिन्यांत जेवढं कमावतं त्याहून एक पैसा जास्त खर्च करायचा नाही. ते किती, हे मी इथे लिहीत नाही. बाबांची लाज राखायला हवी.

दुसऱ्या दिवशी मोठ्या दुकानात आम्ही दोघं गेलो. बाबांनी खिशात रुमालात गुंडाळून त्यांचं स्वतःचं एक घड्याळ आणलं होतं, मागचं झाकण उघडलेलं. मी घरून तक्ता करून आणला होता. कॅमेऱ्याचा आकडा मोठा आणि भाव लहान, असा फोन वरच्या ओळीत. विक्रेत्याने तो फोन काढला, बाबांनी घड्याळ काचेवर ठेवलं, कॅमेरा वर धरला आणि पडद्यावर आला निव्वळ पिवळा धूर.

"जरा लांब धरा, काका," विक्रेता म्हणाला.

लांब धरल्यावर घड्याळ स्पष्ट झालं, पण बटणाएवढं. दुसरा फोन, तीच गत. तिसरा, चौथा, तीच. माझ्या तक्त्यावरचे मोठमोठे आकडे डोंगर आणि वाढदिवस टिपण्यासाठी होते, बोटभर अंतरावरून चाक बघायला त्यातला एकही कामाचा नव्हता. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे तक्ते तपासणाऱ्या मी स्वतःच्या तक्त्यात चुकीचा रकाना भरला होता.

मग विक्रेत्याने काचेच्या कपाटातून सगळ्यात वरचा फोन काढला. बाबांनी तो घड्याळावर धरला आणि दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं पुढे सरकली. पडद्यावर बशीएवढं चाक डुलत होतं. त्याच्या पोटातली केसासारखी स्प्रिंग मिटत होती, उमलत होती. लाल खडा ओल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा चमकत होता. मी घड्याळजीची मुलगी, पण मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. लहानपणापासून मी बाबांचं वाकलेलं डोकं तेवढं बघितलं होतं. त्या डोक्यासमोर रोज हे चालू असायचं, हे मला कुणी कधी दाखवलंच नव्हतं.

"केवढ्याला?" बाबांनी विचारलं. विक्रेत्याने सांगितलं. बाबांनी फोन दोन्ही हातांनी, पाहुण्यांच्या घरची बरणी ठेवावी तसा, जपून खाली ठेवला.

मी हप्ते विचारले. जुना फोन देऊन काय सुटेल ते विचारलं. मांडून ठेवलेला नमुना स्वस्तात मिळेल का, गेल्या वर्षीचा मिळेल का, झाकण खरचटलेला मिळेल का, सगळं विचारलं. विक्रेत्याच्या नाकी नऊ आले. सगळी गणितं करून जो सगळ्यात कमी आकडा आला, तो बाबांच्या अटीच्या सहापट होता.

"मी भरते हप्ते," मी म्हणाले.

"डोळे हप्त्यांवर घ्यायचे नाहीत," बाबा म्हणाले आणि चालू लागले. त्यांच्या हट्टाचा मला असा संताप आला की अर्धा रस्ता मी त्यांच्याशी बोलले नाही.

मोबाईल दुरुस्तीच्या त्या दुकानात आम्ही शिरलो तो निव्वळ माझा हेका म्हणून. दोन भाव झाले होते, तिसरा घेतल्याशिवाय मला झोप लागली नसती. आत टेबलापाशी तिशीची एक बाई मोठ्या दुर्बिणीच्या नळीसारख्या यंत्रात डोळे घालून बसली होती. हातात चिमटा होता. बाबांना चिमटा दिसला नसावा, पण तो खाली ठेवल्याचा आवाज त्यांनी ओळखला.

"बारीक टोकाचा आहे," ते म्हणाले. "आणि टोक जरा वाकलंय."

बाई चमकून वर बघायला लागली. "कालच पडला, आजोबा. तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज पोकळ आला."

मग काय, दोघांचं जे जमलं ते विचारू नका. मला बाजूला सारून तिने बाबांना आपल्या खुर्चीत बसवलं. त्यांनी तिचा चिमटा मागितला, टेबलाच्या कडेवर दोनदा दाबून सरळ केला. तिने यंत्राखालची फोनची हिरवी पाटी मला दाखवली. मी वाकून बघितलं आणि वाकूनच राहिले. नखाएवढ्या जागेत अख्खं शहर होतं, चौकोनी घरं, सरळ रस्ते, चंदेरी कौलं, कुठेही रस्ता चुकलेला नाही. ही बाई रोज एवढ्या शहराच्या गल्लीबोळातून फिरून बिघाड शोधून येते आणि वर दुकान झाडून घरी जाते. जगात माणसं काय काय करत असतात आणि आपण भाव विचारत फिरतो.

मी तिला काम सांगितलं, अट सांगितली, आकडा सांगितला. आता ती हसेल, असं वाटलं. ती हसली नाही.

"आजोबांना या फोनवरून कुणाशी बोलायचंय का?" तिने विचारलं.

"नाही. बोलायला जुना बटणांचा आहे."

"इंटरनेट?"

"कशाला?"

तिने खालचा खण ओढला. त्यातून एक मोठ्या पडद्याचा फोन काढला, पाठ तडकलेली. "हा पाण्यात पडला होता. ह्याला रेंज येत नाही, आवाज जात नाही, आवाज येत नाही. फोन म्हणून हा मेलेला आहे, म्हणून कुणी घेत नाही. सुटे भाग काढायला ठेवलाय. पण कॅमेरा चांगला आहे आणि पडदा एकदम नवा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्ही फोनचे पैसे मोजत होता. तुम्हाला फोन कुठे हवाय?"

सव्वीस वर्षांत मला माझं काम असं कुणी शिकवलं नव्हतं. यादीत नको असलेलं काय आहे ते आधी खोडायचं, मग भाव विचारायचा.

"पण हासुद्धा जवळून धूर दाखवणार," मी म्हणाले. हार मानायची सवय नाही.

"मोकळ्या कॅमेऱ्याने दाखवेल," ती म्हणाली. "आजोबा, तुमचं भिंग आहे जवळ?"

बाबांच्या खिशात ते कायम असायचं. उपयोग संपला तरी ते खिशात होतंच. तिने ते फोनच्या कॅमेऱ्यावर बरोबर मध्यावर धरलं, चिकटपट्टीने बसवलं आणि रुमालातल्या घड्याळावर नेलं. चाक बशीएवढं झालं. त्या महागड्या फोनवर होतं त्याहूनही मोठं, खड्याच्या कडेचा तेलाचा थेंबसुद्धा दिसत होता. बाबांनी मान डावीकडे वळवली, पडद्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, आणि म्हणाले, "चालतंय. दिसतंय मला."

तिने मागितलेली रक्कम अटीच्या निम्मीसुद्धा नव्हती. मी त्यातही घासाघीस करणार होते. बाबांनी माझा हात दाबला.

घरी आल्यावर फोन वाकड्या मानेच्या दिव्याला बांधला आणि खरं शिकणं सुरू झालं. हात टेबलावर, नजर पडद्यावर, तीही तिरकी. शिवाय पडद्यावरचा चिमटा हातातल्या चिमट्यापेक्षा किंचित उशिरा हलायचा. पंचावन्न वर्षांचा हात पहिल्या दिवशी एक स्क्रू उचलू शकला नाही. बाबा मला ओरडले, दिव्याला ओरडले, फोनला ओरडले. फोनला ऐकू येत नव्हतं, तो सुटला. दुसऱ्या दिवशी ते हात हलवून क्षणभर थांबायला लागले, पडद्याला येऊ द्यायचं आणि मग पुढे. मी रजा टाकून शेजारी बसले होते. तिसऱ्या दिवशी एक स्क्रू उठला, जागेवर बसला, आणि बाबांनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला.

शुक्रवारी त्यांनी सुईणबाईंचं घड्याळ उघडलं.

चाक डुलत होतं. आम्ही बघत राहिलो. बाबांनी घड्याळ उभं केलं, आडवं केलं, हळूच उलटं केलं. आणि उलटं केल्यावर स्प्रिंगच्या वेटोळ्यात काहीतरी सरकलं. पांढरं, वाकडं, पडद्यावर दोरखंडाएवढं. ते चाकाच्या आड आलं आणि चाक थांबलं.

"धागा?" मी विचारलं.

बाबांनी चिमटा आत नेला. हलवला, थांबले, हलवला, थांबले. ते पांढरं वेटोळ्याबाहेर आलं आणि चाक सुटल्यासारखं पळायला लागलं. बाबांनी चिमटा कॅमेऱ्याखाली धरला आणि बराच वेळ बघितलं.

"केस आहे," ते म्हणाले. "माझ्या भुवईचा."

दिसत नाही म्हणून ते घड्याळावर जास्त जास्त वाकत गेले होते, आणि दोष दुरुस्त करायला वाकताना स्वतःच आत टाकत होते. मला हसावं की रडावं कळेना. बाबा हसले. दीड वर्षात ते असे हसले नव्हते, खोकला येईपर्यंत.

मला वाटलं, झालं, आपलं काम झालं. टेबल राहिलं, बाबा राहिले. मी चहा टाकायला उठले.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी दिव्याची गाठ सोडली, कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी काढून भिंग बाजूला ठेवलं. "इथे बस. उजेडात."

"फोटो नको हं बाबा. माझा अवतार बघा काय झालाय."

"तेच बघायचंय."

त्यांनी फोन माझ्या तोंडासमोर धरला, पडदा स्वतःच्या नाकाजवळ, मान डावीकडे वळलेली. दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईने शिकवलं होतं तशी दोन बोटं पडद्यावर फाकवली. माझा चेहरा त्यांनी घड्याळासारखा मोठा केला, आणि कपाळापासून हळूहळू खाली आले, एकेक भाग तपासत.

"दीड वर्षात बघितला नाही," ते म्हणाले. "तू दारातून आलीस की कपडे दिसायचे, हात दिसायचे. बोललीस की तू आहेस कळायचं. चेहऱ्याच्या जागी काही नसायचं."

"बाबा, सांगितलं का नाही?"

"घड्याळाचं सांगता येतं. हे कसं सांगणार?"

मी इतके भाव विचारत फिरले, पण काय गेलंय हेच मला माहीत नव्हतं.

"केस किती पांढरे झालेत तुझे," बाबा म्हणाले. "आणि तुझी आई हसायच्या आधी इथे जी एक रेघ यायची, ती तुला कधी आली?"

"माहीत नाही."

"हलू नकोस," ते म्हणाले. "अजून खूप बघायचंय."

मी बसून राहिले. हललं की चित्र पुसट होतं.