टाकीखालचा कोंबडा

मुलाणीबाबांनी सुरी फिरवली, आपल्या हक्काची मुंडी फडक्यात बांधली आणि निघता निघता विचारलं, "पंचफुला, हा एकच कोंबडा होता न्हवं तुझा? पानीपाऊस झाल्यावर कापायचा की."

"ह्यो टँकर आज शेवटचा येनार हाय, बाबा, उद्यापास्नं दुसरी गाडी. डायवर पुन्हा कुठं गाठ पडायचा?"

पंचफुलाबाईनं एकदा मनात घेतलं की घेतलं. शिरूर अनंतपाळकडची आमची वाडी. त्या दुष्काळात विहिरींचे तळ उघडे पडले. लातूर नवा जिल्हा झाला म्हणून टँकर तरी दारात आला, आधीचा जिल्हा उस्मानाबाद, तो आम्हाला लईच लांब. पण टँकरवर ही झुंबड! एकटी, पायानं अधू पंचफुलाबाई घागर घेऊन मागेच राहायची. डायवरनं ते पाहिलं, आणि पुढं तिची घागर भरल्याशिवाय त्यानं नळी कुणाच्या हाती दिली नाही. अशा माणसाला रिकाम्या तोंडी जाऊ देईल ती बाई कसली?

पिसं उपटायला कढत पाणी हवं. तिनं तांब्याभरातच भागवलं, राहिलेली लव तुराट्यांच्या जाळावर भाजली, हळद चोळली, तुकडे केले. येसर घालून रस्सा उकळला तशी सगळी गल्ली नाक वर करून बसली. तो खातो का, हे मात्र तिनं विचारलं नव्हतं. गाडीवरचा माणूस, धाब्यावर जेवणारा, त्याला काय विचारायचं? आम्हीही तेच म्हणालो असतो.

पाणी वाटून झालं. तिनं ओट्यावर घोंगडी टाकून डायवरला बसवलं, ताट पुढं ठेवलं. तो नुसता बघत राहिला. मग सदऱ्याची वरची गुंडी सोडून त्यानं गळ्यातलं लिंग दाखवलं. नाव शिवमूर्ती, उदगीरकडचा लिंगायत.

"मावशी, आमच्यात चालत न्हाई."

पंचफुलाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताट मागं ओढताना रस्सा सांडला. तिला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून शिवमूर्तीनं विषय बदलला.

"तुमचा तांबडा कोंबडा कुठं दिसंना आज?"

रोज तो कोंबडा टँकरच्या टाकीखाली मान ताणून गळतं पाणी प्यायचा. तोटी बिघडली म्हणून आम्ही डायवरला किती बोललो होतो. कोंबड्यासाठी तो ती मुद्दाम सैल ठेवत होता, हे तेव्हा कळलं.

पंचफुलाबाईनं ताट आणखी मागं ओढलं. त्यानं ताटाकडं पाहिलं.

"माझ्यासाठी?"

"देन्याजोगं दुसरं काय होतं घरात, बाबा."

 मग तो म्हणाला, "मावशी, पानी द्या."

सगळ्या वाडीला पाणी पाजणारा हा माणूस आमच्याकडं कधी घोटभर प्यालेला नव्हता. मटण शिजणाऱ्या घरचं पाणी त्यांच्यात चालायचंही नाही. तिनं तांब्या राखेनं दोनदा घासला, भरून दिला. त्यानं तांब्याला तोंड लावलं आणि सगळा रिकामा केला.

"पोट भरलं, मावशी," म्हणाला आणि वाकून पाया पडला. पंचफुलाबाईनं पदर डोळ्यांना लावला.

गाडीत चढण्याआधी तो मागं गेला आणि तोटी जराशी सैल केली. तळाचं उरलंसुरलं पाणी ठिबकू लागलं. पंचफुलाबाईची कोंबडी पिलं घेऊन टाकीखाली शिरली. त्यांचं पिऊन होईपर्यंत शिवमूर्ती तिथंच उभा राहिला.