न पडणारा डाग

मावशीच्या लाँड्रीत डागाला थारा नव्हता. शाई, गंज, रक्त, तेल, सगळ्यांशी तिनं तीस वर्षं दोन हात केले होते. धाकट्या बहिणीच्या बाळाचे लंगोटही तीच धुवायची, आणि ते पहिल्याच पाण्यात पांढरेशुभ्र निघत.

"बाळ गुणी आहे हो," बहिणीची सासू कौतुकानं म्हणाली, "कपडे खराब करत नाही."

मावशी मात्र लंगोट उजेडात धरून उभी राहिली. तान्ह्या बाळाच्या शीचा पिवळा डाग भल्याभल्या साबणांना दाद देत नाही. इथे शी कालवलेल्या चुन्यासारखी, आणि डागाचं नाव नाही. उलट शू, जिचा एरवी मागमूसही राहत नाही, ती गडद पिवळी उमटत होती.

"कावीळ आहे, डॉक्टर कोवळं ऊन दाखवा म्हणालेत," बहीण म्हणाली.

"ऊन पुष्कळ दाखवलंस. आता लंगोट दाखवू."

न धुतलेले दोन लंगोट डब्यात घालून ती बाळ-बाळंतिणीला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तरुण डॉक्टर मान वर न करता म्हणाला, "पुढच्या आठवड्यात या."

मावशीनं टेबलावर डबा उघडला. डॉक्टरनं आधी नाक धरलं, मग नीट पाहिलं आणि स्वतःच बाळाचं रक्त तपासायला नेलं.

"यकृतातून आतड्यात पित्त नेणाऱ्या नळ्या बुजल्यात," दुसऱ्या दिवशी सर्जनबाईंनी सांगितलं. "विषाणूमुळे असेल, नक्की कुणालाच माहीत नाही."

"मला दिवस असताना ताप आला होता," बहीण रडत म्हणाली. "माझ्यामुळेच ना?"

"नाही. ते डोक्यातून काढून टाक. आतडं थेट यकृताला जोडू. पित्त उतरलं तर शीला रंग येईल. नाही उतरलं, तर पुढे यकृतच बदलावं लागेल. बाळ साठ दिवसांचं व्हायच्या आत केलेलं बरं. आज कितवा?"

"बावन्नावा," मावशी म्हणाली.

"मग परवाच करू."

ऑपरेशननंतर मावशी रोज दवाखान्यातून लंगोट आणायची आणि धुण्याआधी उजेडात धरायची. सहा दिवस शी चुन्यासारखीच. सासूबाई आता नुसत्या लंगोटांच्या घड्या घालत होत्या.

सातव्या दिवशी एका लंगोटावर तळहाताएवढा हिरवट पिवळा डाग होता. मावशीनं तो साबण लावून घासला. पुन्हा घासला. मग दुकानाच्या दर्शनी दोरीवर वाळत घातला आणि पदरानं डोळे पुसले.

"अहो, हा डाग राहिला की," एक गिऱ्हाईक म्हणालं.

"पक्का आहे का, तेच बघत होते," मावशी म्हणाली. "पक्का आहे."