वगळलेला नमुना

थोरलीनं सत्तावीस वर्षं एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता. इन्सुलिन पेशीच्या दाराशी येऊन निरोप देतं, तो आत का पोचत नाही? उत्तरही तिनंच शोधलं. रक्तातली साखर वाढायच्या कितीतरी वर्षं आधी पेशी तो निरोप घेईनाशा होतात, हे तिनं दाखवून दिलं. त्यावर मानमरातब मिळाला, स्वतःची प्रयोगशाळा मिळाली, आणि समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर तोडायची सवयही लागली.

आज ती डोळ्यांच्या दवाखान्यात धाकट्या बहिणीशेजारी मान खाली घालून बसली होती. डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं, "मधुमेह तुम्हाला दोन वर्षांपूर्वी कळला असेल, पण डोळ्याचा पडदा बघता तो आठ-नऊ वर्षं तरी आत मुरलाय. उजव्या डोळ्याचं आता काही होण्यासारखं नाही. डावा सांभाळू. शाळेची बस मात्र विसरा."

धाकटी शाळेची बस चालवायची. एकोणीस वर्षांत बसला एक ओरखडा नाही, हे ऐकवल्याशिवाय ती कुणाला सोडत नसे. आता ती बाकावर बसच्या किल्ल्या चाचपत होती, आणि थोरलीचे कान तापले होते.

अकरा वर्षांपूर्वी थोरलीला निरोगी माणसांचे नमुने कमी पडत होते. धाकटी आपणहून आली. उपाशीपोटीची साखर ठीक निघाली, म्हणून पोटाच्या चरबीतून सुईनं चिमूटभर नमुना घेतला. "घ्या हवं तेवढं, साठा भरपूर आहे," म्हणून तिनं सगळ्यांना हसवलं. पण इन्सुलिन घातलं तरी तिच्या पेशी ढिम्म हलेनात. निरोगी माणसांच्या आलेखात तो एकच ठिपका तळाशी लोळत होता.

लेख पाठवायला नऊ दिवस उरले होते. थोरलीनं खापर टेक्निशियनबाईंवर फोडलं. नमुना बर्फाबाहेर राहिला असणार, दुसरं काय! बाईंनी उरलेल्या पेशींवर प्रयोग पुन्हा केला. उत्तर तेच. मग त्या सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "मॅडम, नमुना चांगला आहे. बहिणीला साखर नीट तपासत राहायला सांगा. जेवणानंतरचीही."

"बाई, तुम्ही बर्फ सांभाळा. निदान करायला डॉक्टर आहेत."

सगळे हसले. थोरलीनं वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, 'नमुना खराब, वगळला.' आलेख मोठा देखणा छापून आला.

विद्वानांच्या डोळ्यांवर असली झापडं कशी येतात कोण जाणे. तो ठिपका काही तिच्या म्हणण्याच्या विरुद्ध नव्हता. साखर ठीक, पण पेशी ढिम्म. हेच तर ती जगाला ओरडून सांगत होती. घरच्या माणसात तेच दिसलं, तेव्हा हिनं ते पुसून टाकलं. आणि आता ती गप्प बसली असती तरी कुणाच्या बापाला कळलं नसतं.

तेवढ्यात धाकटीनं तिचा हात चाचपून धरला. "ताई, तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्यासारखी बहीण असून मीच मेली आळशी, कधी तपासलं नाही. उद्या लोक उगीच तुला बोल लावतील."

थोरलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिनं सगळं सांगितलं. बर्फाचं, वहीतल्या शेऱ्याचं, त्या हसण्याचंही. सांगताना एकदा 'आम्ही वगळला' असं म्हणाली, मग 'मी वगळला' अशी दुरुस्ती केली.

धाकटीनं हात सोडला नाही, पण तिची पकड सैल झाली.

"तेव्हा कळलं असतं तर डोळा वाचला असता?"

"बहुतेक."

"तुला तेव्हा कळलं नव्हतं ना?"

"कळून घ्यायचं नव्हतं. लेख अडला असता."

समोरच्या खिडकीतून कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, एक म्हातारे गृहस्थ उठून आत गेले. मग धाकटीनं विचारलं, "त्या बाई कुठे असतात आता?"

"निवृत्त झाल्या. इथून पाच-सहा किलोमीटरवर राहतात."

"तू त्यांची माफी मागितलीस?"

"नाही."

"मला त्यांच्याकडे ने. माझी काळजी वाटून बोलल्या त्या, आणि माझ्यापायी चारचौघांत पाणउतारा झाला त्यांचा. मला त्यांच्या पाया पडायचंय." धाकटी बाकाची कड धरून उठली. थोरली आधार द्यायला पुढे झाली, तशी ती म्हणाली, "मी स्वतःच गेले असते गं, पण आता गाडी चालवता येत नाही. तू फक्त पोचव. आणि मी परत येईपर्यंत खाली गाडीतच बस."