थाळी टेकली की काटा जागेवर

मी गुणवंतरावांच्या विमानातला उष्णतेचा काटा बोलतोय. हसू नका. कोरपन्याकडे कापसाच्या वावराला लागून एक पत्र्याचं शेड आहे. त्यात खरंच विमान उभं आहे, आणि त्याच्या सागवानी फळीवर मी बसलोय. इंजिन किती तापलं एवढंच सांगणं माझं काम. डावीकडे गार, उजवीकडे लाल. लालवर गेलो की माणसानं थांबावं. याहून जास्त मला बोलता येत नाही.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या शहरातल्या कारखान्यात झाला. मला काच बसवताना एक बाई शिंकली होती, तेवढं आठवतं. तिथून मी आलो जिवतीच्या घाटात चालणाऱ्या एका काळीपिवळीत. तिचा ड्रायव्हर विक्की. मी सारखा लाल दाखवतो म्हणून त्यानं माझ्या तोंडावर देवाचा फोटो चिकटवला आणि वरून नमस्कारही केला. फोटोमागं मी लालवर जाऊन बसलो होतो, पण पाहतो कोण? भर घाटात इंजिन उकळलं, सवाऱ्या विक्कीच्या नावानं बोटं मोडत पायी निघाल्या, आणि काळीपिवळी गेली भंगारात.

भंगारातून मला गुणवंतरावांनी उचललं. फोटो अलगद सोडवून खिशात ठेवला, सदऱ्याच्या टोकानं काच पुसली आणि म्हणाले, "कामाचा हायेस गड्या तू." असं मला आधी कोणी म्हटलं नव्हतं.

गुणवंतराव मोटारपंप दुरुस्त करणारे. पण डोक्यात लहानपणापासून उडायचं खूळ. सागवान, कापड, जुन्या गाडीचं इंजिन आणि लाकडाचा पंखा, असं सगळं घरीच बांधलं. त्यांची बायको शकुबाई आधी शेजारणींना सांगायची, "गुत्त्यात जाऊन बसल्यापेक्षा इमान बरं, बाई." पण एक दिवस पंखा खरंच गरगरला, शेडातल्या कोंबड्या उधळल्या, आणि हा माणूस आता उडणारच, हे तिला कळलं. तिनं अट घातली. "तो काटा उगाच लालवर जाणं सोडीन, तवाच वर जाजा. त्याच्याआधी चाक उचललं, त मी चालली माहेरी, सिरोंच्याले."

म्हणजे पाहा, एका माणसाचं उडणं माझ्यावर येऊन टेकलं.

आणि नेमका तेव्हाच मी बिघडलो. इंजिन थंडगार, मी लालवर. विमानातली बत्ती लावली की लाल, विझवली की निम्म्यावर. रेडिओ लावला की थरथर. शेजारी तेलाच्या दाबाचा काटा बसतो, फार गरीब जीव. तोही बिचारा माझ्यासोबत नाचायला लागला.

गुणवंतरावांनी इंजिनातलं सेन्सर बदललं, माझी तार बदलली. शेवटी मला आणि सेन्सरला घरी नेलं. चुलीवरच्या गंजात, म्हणजे भाताच्या पातेल्यात, पाणी उकळत ठेवून सेन्सर बुडवलं आणि मला बॅटरी जोडली. पाणी तापलं तसा मी शहाण्यासारखा चढलो, निवलं तसा उतरलो.

"घरी त बरा वागते," शकुबाई म्हणाली. "बाहेर गेला का याच्या अंगात येते. तुमच्यावरच गेला. आता या गंजात मी भात शिजवू का नको, ते सांगा."

शेजारच्या वावरातला वारलू शेडच्या दारात बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायचा आणि सल्ले द्यायचा. "काढून फेका त्याले, भाऊ. इंजिन तापलं का नाई, मी हात लावून सांगतो."

"वर गेल्यावर हात लावाले तू येशीन काय?"

"पंखाले बांधून न्या न मले!"

शकुबाईच्या मते मला नजर लागली होती. इंजिन सुरू करायच्या आधी दरवेळी ती पूजा करायची. इंजिनाच्या तोंडावर मधोमध एक पितळी बोल्ट चमकायचा, अगदी कपाळावर असावा तसा. त्यालाच हळद, कुंकू, तेल आणि वरून नारळाचं पाणी. मी जास्त बिघडलो की पूजा वाढायची. पूजा वाढली की मी आणखी बिघडायचो.

दसरा आला. गुणवंतराव कंटाळले होते. "आज पूजा करून घे," ते म्हणाले. "उद्या हे इंजिन काढून पंपाले लावतो." मुलगी रंजीता फोटोसाठी विमानात बसली होती. इंजिन बंद, पण चावी फिरवलेली, बत्ती लागलेली आणि मी अर्थातच लालवर.

कापूर पेटवायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून शकुबाईनं पितळी थाळी इंजिनावर ठेवली. तिची कड बोल्टाला टेकली.

"आई, काटा खाली आला!" रंजीता ओरडली.

शकुबाईनं दचकून थाळी उचलली.

"गेला वर!"

वारलूनं खर्रा बाजूला ठेवला आणि हात जोडले. "देव आला, भाऊ!"

गुणवंतराव मात्र बोल्टाकडे पाहत होते. "ठेव थाळी. आता उचल. ठेव."

"आरती हाये का भाजीवाल्याचा तराजू?"

त्यांनी पाना घेऊन बोल्ट खोलला. ट्रॅक्टरचं सगळं अंगच लोखंडी असतं, त्यात करंट कुठूनही परत जातो. आमचं अंग लाकूड-कापडाचं. बत्ती, रेडिओ आणि आम्ही दोघं काटे, सगळे एकाच तारेनं या बोल्टापर्यंत परतायचो. आणि बोल्टाखाली पाहावं तर हळदीकुंकवाचे थर, नारळाच्या पाण्यानं चढलेला हिरवा गंज. परतीची वाटच बुजलेली, म्हणून बत्ती लागली की करंट तुंबायचा आणि मी भलताच चढायचो. थाळीनं त्या दिवशी तेवढा पूल बांधला होता.

आता बायकोला सांगायचं कसं? गुणवंतरावांनी बोल्टाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, परत बोल्टाकडे.

"जुनी पूजा... साचली होती खाली," ते हळूच म्हणाले.

"मंग मधोमध काऊन लावला तो? मले वाटलं, तुमी पूजेसाठीच ठेवला!"

"बिघडलं बाईच्या पूजेनं, पण सापडलं बी बाईच्याच थाळीनं," वारलू म्हणाला आणि परत खर्रा घोटू लागला.

गंज घासला गेला, बोल्ट मागच्या बाजूला गेला, बत्तीला वेगळी तार मिळाली. पूजा चाकावर सरकली. मग शकुबाई स्वतः आत वाकली. बत्ती लावली, विझवली, परत लावली. मी हललो नाही.

"जा," ती म्हणाली. तेवढंच.

आम्ही मोहाच्या झाडाएवढे वर गेलो. खाली फुटलेला कापूस, लांब सिमेंटच्या कारखान्याचा धूर. पण गुणवंतराव सगळा वेळ माझ्याकडेच पाहत होते. एक फेरी मारून उतरलो, तर शकुबाई पंखा थांबायचीही वाट न पाहता निघाली. वारलूनं तिला दंडाला धरून थांबवलं.

"काटा?" तिनं लांबूनच ओरडून विचारलं.

"जागेवर!"

मग ती आली. आधी नवऱ्याला कुंकू लावलं, मग मला. माझ्या काचेवर, चांगलं बंद्या रुपयाएवढं, आणि नेमकं लाल खुणेवर.

आता माझी लाल खूण कुठली आणि शकुबाईचं कुंकू कुठलं, कोणाला ओळखू येत नाही. पुसायची तर गुणवंतरावांची हिंमत नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, त्या बाजूला गेलात तर तिला एवढं बोला, की बाई, कुंकू राहू दे, पण जरा डावीकडे. मीच बोललो असतो, पण मला इंजिन गरम का गार, तेवढंच सांगता येतं.